मर्चंडे भावांचं रक्त

शिवदास मर्चंडे ज्या जहाजावर चीफ इंजिनियर होते, त्यावर मी फोर्थ इंजिनियर म्हणून चढलो त्याला आता एकोणीस वर्षं झाली. पुढे मी समुद्र सोडला आणि सिंगापुरात जहाजांची तपासणी करणारा सर्व्हेयर झालो. ते जहाजांवरच राहिले, पण घर त्यांनी टॅम्पिनीसला केलं, माझ्या ब्लॉकपासून चालत पाच मिनिटांवर. दोघंही खेड तालुक्यातले, त्यामुळे ते सुटीवर आले की त्यांच्या पत्नीच्या, हिरावहिनींच्या हातची तांदळाची भाकरी खायला मी हक्कानं जायचो. पानावर बसलेल्यांत सगळ्यात कमी जेवायचे ते यजमानच.

खाण्यापिण्याच्या बाबतीत इतका कडक माणूस मी दुसरा पाहिला नाही. दारूला कधी हात लावला नाही. चहा बिनसाखरेचा. जहाजाच्या मेसमध्ये रविवारी बिर्याणी आणि आइस्क्रीम असायचं, तेव्हा ते वरण आणि दोन पोळ्या घेऊन कोपऱ्यात बसायचे आणि मग तासभर डेकवर चालायचे. पन्नाशीला आले तरी त्यांच्या पोटऱ्यांवरच्या शिरा दोरीसारख्या उठून दिसायच्या. हा चालण्याचा परिणाम, असं आम्ही समजत होतो. तेही तसंच समजत होते.

त्यांना मूलबाळ नव्हतं. चार वर्षांनी धाकटा भाऊ गोपीनाथ सिंगापुरातच सेरंगूनला राहायचा, रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत कामाला होता. त्याची बायको योगिनी लहान मुलांच्या शाळेत शिकवायची. त्यांची एकुलती एक मुलगी शिवांगी. शिवदासचा सगळा जीव त्या मुलीवर. कुठल्याही बंदरात उतरले तरी तिच्यासाठी काहीतरी घेतल्याशिवाय ते परत चढत नसत.

गोपीनाथ मोकळा, हसरा, चार माणसांत रमणारा. ऑफिस सुटलं की सहकाऱ्यांबरोबर हॉकर सेंटरला, खाण्याच्या टपऱ्यांवर बसायचा, मिळेल ते चवीनं खायचा. चौतिसाव्या वर्षी त्याला मधुमेह निघाला, तेव्हा कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. शिवदासना तर अजिबात नाही. त्यांनी आपलं मत तेव्हाच ठरवून टाकलं: ज्याला तोंड आवरत नाही त्याला हे होणारच.

शिवांगीच्या दहाव्या वाढदिवसाचा प्रसंग मला चांगला आठवतो. सेरंगूनच्या त्या छोट्या फ्लॅटमध्ये वीस-पंचवीस माणसं होती. गोपीनाथच्या हातातल्या कागदी बशीत केकचा बोटभर तुकडा होता. शिवदास उठले, त्याच्याजवळ गेले आणि ती बशी त्याच्या हातातून काढून घेतली.

"दादा, एवढासाच घेतलाय," गोपीनाथ हसत म्हणाला.

"एवढासाच, एवढासाच करत डोळे घालवशील. मुलीचं लग्न बघायचंय की नाही?"

गोपीनाथ हसत राहिला, पण त्याचे कान लाल झाले होते. शिवांगी केकजवळ उभी राहून दोघांकडे बघत होती. त्यानंतर मोठ्या भावासमोर गोपीनाथ कधी जेवला नाही. ते घरी आले की म्हणायचा, माझं आत्ताच झालंय.

मधुमेह निघाल्यापासून दहा वर्षांत त्याची किडनी गेली. दोनदा स्वादुपिंडाला सूज येऊन हॉस्पिटलमध्ये राहिला. तिथल्या एका डॉक्टरनं दारूबद्दल चारचारदा विचारलं, आणि योगिनीनं शपथेवर सांगितलं की हे थेंबभरही घेत नाहीत. २०१९ च्या मार्चमध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, ऑफिसातच छातीत कळ येऊन तो गेला. शिवदास तेव्हा ब्राझीलच्या किनाऱ्यावर जहाजात होते. ते पोचेपर्यंत मंडाईच्या स्मशानात दहन होऊन सहा दिवस झाले होते.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम गोपीनाथच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत झाला. इथं सुखदुःखाचे बरेचसे कार्यक्रम तिथंच होतात. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, समोर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, बाजूला गोपीनाथचा. वंदना झाली. त्याच्याबद्दल चारपाच जण बोलले. शेवटी शिवदास उभे राहिले. चेहरा कोरडा होता. ते म्हणाले, "माझा भाऊ गुणी होता. पण एक गोष्ट सगळ्यांनी, विशेषतः तरुणांनी लक्षात ठेवा. त्याला कुणी मारलं नाही. त्यानं स्वतःला स्वतःच्या हातानं संपवलं. रोज थोडंथोडं, ताटातून."

मी योगिनीच्या मागच्या रांगेत बसलो होतो. तिनं मान वर केली नाही. शिवांगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. ती उठली आणि लिफ्टकडे चालत गेली. त्यानंतर ती टॅम्पिनीसला आली नाही. शिवदास प्रत्येक बंदरातून तिच्यासाठी आणलेल्या वस्तू हिरावहिनींकडे देत राहिले आणि वहिनी त्या कपाटात ठेवत राहिल्या.

अडीच वर्षांनी, जहाजावर जाण्याआधीच्या नेहमीच्या तपासणीसाठी शिवदास क्लिनिकमध्ये गेले. दुसऱ्या दिवशी त्यांना परत बोलावलं. तरुण डॉक्टरीणबाईंनी एक काचेची नळी त्यांच्यासमोर धरली. रक्तातल्या पेशी खाली बसल्यावर वर जो भाग उरतो तो पिवळसर आणि पारदर्शक असायला हवा. त्यांच्या नळीत तो दुधासारखा पांढरा होता.

"ही चरबी आहे," त्या म्हणाल्या. "असायला हवी त्याच्या अकरापट. आणि साखरही खूप वाढलेली आहे. तुम्ही किती पिता?"

"मी पीत नाही."

"आठवड्यातून किती वेळा?"

"डॉक्टर, मी आयुष्यात प्यालो नाही."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग आहारतज्ज्ञाकडे पाठवलं. तो मध्यमवयीन, गोड बोलणारा माणूस होता. "अंकल, रोटी प्राटा कमी करा, हं. तळलेलं बंद." शिवदासनी सांगितलं की तो तेलात भाजलेला पराठा मी खातच नाही. त्यानं समजुतीनं मान डोलावली आणि तेच छापील पत्रक त्यांच्या हातात दिलं.

मग त्यांनी इंजिन रूमच्या लॉगबुकसारखी वही केली. सकाळी सहा वाजता एक पोळी, अर्धी वाटी मूग. दुपारी इतका भात, इतके मासे, तेल एक चमचा. तीन महिने एक ओळ चुकली नाही. वही दाखवली तर आहारतज्ज्ञ म्हणाला, "लिहिताना माणूस विसरतोच थोडंफार. सगळ्यांचंच होतं."

त्या दिवशी ते क्लिनिकमधून थेट माझ्याकडे आले. बूटही न काढता दारातच उभे राहिले. मी पाणी दिलं ते घेतलं नाही. "विक्रांत," ते म्हणाले, "त्या माणसानं मला खोटारडा ठरवलं. हसत हसत." मी म्हटलं, जाऊ द्या चीफ, त्याला काय कळतंय. ते म्हणाले, "गोपीनाथ पण सांगायचा मला. दादा, मी खरंच खात नाही हो. फोनवर सांगायचा. मी हसायचो."

दुसरी एक गोष्ट त्यांनी मला नंतर सांगितली. आधीच्या दोन वर्षांच्या रिपोर्टांतही चरबीचा आकडा लाल अक्षरांत होता. त्यांनी तो पाहिला होता. लॅबची चूक असेल, असं ठरवून कागद घडी घालून ठेवला होता. आपल्याला असं काही होऊच शकत नाही, याची त्यांना इतकी खात्री होती.

गोळ्यांनी साखर उतरेना. इन्सुलिन सुरू झालं आणि समुद्रावर जाण्याचा परवाना गेला. बावन्नाव्या वर्षी, एकतीस वर्षांची नोकरी एका सहीनं संपली.

पुढचं सगळं घडलं ते टॅम्पिनीसच्या सरकारी पॉलिक्लिनिकमधल्या एका वयस्कर डॉक्टरमुळे. त्यानं शिवदासना पँट गुडघ्यापर्यंत वर करायला सांगितली, पोटऱ्या दाबून पाहिल्या, मग मानेच्या मागे हात लावला. तिथं चरबीचा जाड थर होता. कॉलरखाली तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. डॉक्टरनं विचारलं, घरात अजून कुणाला? शिवदासनी भावाचं नाव सांगितलं. त्यानं चिठ्ठी लिहून एका मोठ्या हॉस्पिटलच्या आनुवंशिक आजारांच्या विभागात पाठवलं.

निकाल आला त्या दिवशी हिरावहिनींनी मलाही बरोबर यायला सांगितलं. तिथली संशोधक डॉ. अनघा पुण्याची निघाली. चाळिशीची, शांत, शब्द तोलून बोलणारी. तिनं मराठीतच सांगायला सुरुवात केली.

"काका, शरीरात चरबी साठवायच्या पेशी असतात. जेवलं की तिथं चरबी साठते, उपाशी राहिलं की तिथून ती मोकळी होऊन शरीराला इंधन मिळतं. ती मोकळी करायचं काम काही एन्झाइम करतात. त्यातलं एक एन्झाइम बनवण्याची जी सूचना तुमच्या जनुकांत आहे ती तुटलेली आहे. वाक्य मध्येच संपावं तशी."

"सगळीकडे तुटलेली?"

"प्रत्येक सूचनेच्या दोन प्रती असतात. एक आईकडून, एक वडिलांकडून. एक बिघडली तर दुसरी बरंचसं भागवून नेते, फक्त मधुमेहाचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त राहतो. तुमच्या दोन्ही बिघडलेल्या आहेत."

शिवदासनी थोडा विचार केला. "मग चरबी पेशीतच अडकून राहायला हवी. रक्तात कशी आली?"

अनघानं त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. "बरोबर विचारलंत. त्या एन्झाइमवाचून या पेशी धड तयारच होत नाहीत. ज्या आहेत त्या नीट साठवत नाहीत आणि नीट सोडतही नाहीत. मग जेवणातल्या चरबीला जागा मिळत नाही. ती रक्तात फिरते, यकृतात जाते, स्नायूंत जाते. तिथं ती गेली की इन्सुलिनचा जोर चालत नाही. तुमचे पाय असे बारीक आहेत तेही त्यामुळेच. आईवडील नात्यातले होते का?"

"आई म्हणजे वडिलांची मामेबहीण."

"मग दोघांकडे एकच जुनी चूक आली असावी. एखाद्या पणजोबांकडून, पणजीकडून."

"म्हणजे खाण्याचा काही संबंध नाही."

"संबंध आहे," अनघा म्हणाली. "तेल-तूप तर तुम्हाला आता आणखी कमी करावं लागेल. इतकं जपून राहिलात म्हणून हे उशिरा आलं असेल, कदाचित. खात्रीनं नाही सांगता येत. पण दुसरा माणूस जे खाऊन धडधाकट राहतो, ते तुमच्या शरीराला पेलत नाही. यात तुमचा दोष नाही."

शिवदासनी खिशातून फोन काढला आणि एक फोटो शोधून तिच्यासमोर ठेवला. ईस्ट कोस्टच्या वाळूत अर्ध्या चड्डीत उभा असलेला गोपीनाथ. पोट पुढे, मान जाड, पाय काटक्यांसारखे. आम्ही त्यावरून त्याची चेष्टा करायचो.

"याला हेच होतं का?"

तिनं फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. "फोटोवरून निदान करत नाहीत, काका. सख्ख्या भावंडात दोन्ही प्रती बिघडलेल्या असण्याची शक्यता चारात एक. त्यांचं रक्त मिळालं असतं तर सांगता आलं असतं."

"त्याला जाळला आम्ही," शिवदास म्हणाले.

हिरावहिनींनी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो काढला नाही, पण धरलाही नाही.

त्याच आठवड्यात ते एकटेच सेरंगूनला गेले. तिथं काय झालं ते त्यांनी मला काहीही न गाळता सांगितलं. योगिनीनं दार उघडलं, बसायला सांगितलं, पाणी आणलं. त्यांनी अनघाकडचा कागद टेबलावर ठेवला आणि सगळं समजावून सांगितलं. मग म्हणाले, "योगिनी, मी चुकलो. त्याला हेच असणार. तो खरं सांगत होता आणि मी त्याला खोटं पाडलं."

योगिनीनं कागद वाचला नाही. म्हणाली, "दादा, शेवटची चार वर्षं ते भात वाटीनं मोजून घ्यायचे. घरात गोड येत नव्हतं. तरी रिपोर्ट वाईटच यायचे. मग त्यांनाच वाटायला लागलं की आपण झोपेत वगैरे काही खातो की काय. मला विचारायचे, मी काही खाल्लं का गं? तुम्ही दोघं भाऊ इतके सारखे, तुम्हाला काही होत नाही आणि त्यांना होतं, म्हणजे चूक त्यांचीच. असं त्यांनी स्वतःच धरून टाकलं होतं."

शिवदासनी कागद परत आपल्याकडे ओढला.

"आणि तुम्ही तेव्हा शंभर माणसांसमोर बोलला होतात," योगिनी म्हणाली. "आता मला एकटीला येऊन सांगताय."

आतल्या खोलीच्या दारात शिवांगी उभी होती. आता अठरा वर्षांची. ती आईला म्हणाली, "Ma, enough lah. Let him go." मग शिवदासकडे न बघता आत गेली.

त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला, म्हणजे इथल्या व्हेसाक डेच्या सुटीला, आम्हा मराठी बौद्ध कुटुंबांचा कार्यक्रम एका भाड्याच्या हॉलमध्ये होता. जमलेल्यांत बरेचसे गोपीनाथच्या कार्यक्रमाला आलेलेच लोक होते. योगिनी आली होती, शिवांगीही. वंदना झाल्यावर शिवदासनी बोलण्याची परवानगी मागितली. हातात कागद होता, पण त्यांनी तो वाचला नाही.

"तीन वर्षांपूर्वी माझ्या भावाच्या कार्यक्रमात मी म्हणालो होतो की त्यानं स्वतःला संपवलं. ते खोटं होतं. मला माहीत नव्हतं, ही सबब नाही. माहीत नसताना मी बोललो. आता तोच आजार मला आहे. आमच्या रक्तातच एक दोष आहे, जन्मापासूनचा. त्याच्यात तो होताच, असं डॉक्टर खात्रीनं सांगू शकत नाहीत. पण तो खरं बोलत होता, हे मी खात्रीनं सांगतो. त्यानं मला अनेकदा सांगितलं आणि मी त्याला चारचौघांत अपमानित केलं. तो माझ्यासमोर जेवायचा बंद झाला. त्याची माफी मला मागता येणार नाही. योगिनीची आणि शिवांगीची मागतो."

ते खाली बसले. एक ज्येष्ठ गृहस्थ, मनोहर नाव त्यांचं, जरा वातावरण हलकं करावं म्हणून म्हणाले, "म्हणजे सगळं नशिबातच असतं. मग आपण कशाला पथ्यं पाळायची?" दोघंतिघं हसले. शिवदास पुन्हा उठले. त्यांनी शांतपणे सांगितलं की असा दोष फार थोड्यांत असतो, बहुतेकांच्या मधुमेहात खाणं, बसणं, वजन, घराणं अशी अनेक कारणं मिसळलेली असतात, आणि पथ्य सगळ्यांनीच पाळायला हवं. "फक्त एखाद्याला ते जमत नसेल किंवा जमूनही उपयोग होत नसेल, तर त्याच्या ताटात डोकावू नका. त्याला डॉक्टरकडे घेऊन जा."

योगिनी निघताना त्यांच्याजवळ थांबली. "जयभीम, दादा," एवढंच म्हणाली.

दोन महिन्यांनी शिवांगीनं स्वतः अनघाला गाठलं. तपासणी करायची नाही, मला जाणून घ्यायचंच नाही, असं ती आधी आईला म्हणाली होती. मग एकदा तिनं आरशात आपल्या पायांकडे पाहिलं आणि झोप उडाली. तिच्यात एक प्रत बिघडलेली निघाली. साखर आणि चरबी दोन्ही ठीक होत्या. योगिनीच्या रक्तात दोष नव्हता, म्हणजे तो गोपीनाथकडूनच आला होता. त्याच्याकडे एक बिघडलेली प्रत होती, हे आता नक्की झालं. दुसरीही होती का, हे कधीच कळणार नाही, असं अनघानं सांगितलं.

शिवदासना हे जड गेलं. त्यांना पूर्ण उत्तर हवं होतं. ते मला म्हणाले, "एकच असेल तर? मग थोडं खाण्यानंही झालं असेल त्याला." मी म्हटलं, चीफ, असेल. म्हणून तुमच्या बोलण्यात काय फरक पडतो? त्यांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावरून ते पटलं की नाही ते कळलं नाही.

शिवांगी मात्र त्यानंतर टॅम्पिनीसला आली. एका शनिवारी दुपारी, काही न कळवता. हिरावहिनींनी कपाट उघडलं. तिनं एकेक वस्तू काढून पाहिली. ब्राझीलची लाकडी पेटी, रॉटरडॅमचा स्वेटर, आता तिला लहान होणारा. "काका, this one I was still in Sec Three, you know," ती म्हणाली. म्हणजे ती पंधरा वर्षांची असतानाचा. शिवदास खुर्चीत बसून होते. त्यांनी तिला फक्त विचारलं की अनघानं पुन्हा कधी बोलावलंय. वर्षातून एकदा, ती म्हणाली. मग ती त्यांच्याबरोबर जेवली. त्यांनी तिच्या ताटाकडे पाहिलं नाही. मी तिथंच होतो, माझ्या ते लक्षात आलं.

आता ते छप्पन्न वर्षांचे आहेत. मागच्या वर्षी स्वादुपिंडाला सूज येऊन नऊ दिवस हॉस्पिटलमध्ये होते, तेव्हा योगिनी शाळा सुटल्यावर रोज यायची. एका मरिन ट्रेनिंग स्कूलमध्ये ते आठवड्यातून तीन दिवस शिकवतात. आणखी एक काम त्यांनी अंगावर घेतलं आहे. आईवडिलांच्या दोन्ही बाजूंच्या नातेवाइकांची त्यांनी यादी केली: खेड, चिपळूण, कल्याण, वापी. एकेकाला फोन करून ते सांगतात की रक्त तपासून घ्या. अकरा जणांनी घेतलं. त्यातल्या दोघांना मधुमेह निघाला, त्यांना पत्ताही नव्हता. एका चुलत भावानं शिव्या घातल्या. म्हणाला, घराण्याला डाग लावतोस, आमच्या मुलींची लग्नं कशी व्हायची? शिवदासनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि पंधरा दिवसांनी त्याला पुन्हा फोन केला.

यादीत अजून चौदा नावं उरली आहेत. सकाळी इन्सुलिन घेतलं, नाश्ता झाला की ते गॅलरीत खुर्ची टाकून बसतात आणि एकेक नंबर लावतात. काही जण उचलतात, काही उचलत नाहीत.